पूर्व काठावरची चौदा नंबर

मित्रांनो, मी एक म्हातारी सरकारी कोंबडी आहे. 'मित्रांनो' म्हणते खरी, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांची आणि माझ्या जातीची ओळख रश्श्यातच झालेली आहे, हे मी विसरलेली नाही. तरीही सांगते. फक्त ऐकताना माझ्या तंगडीकडे बघू नका.

माझा जन्म आईच्या पंखाखाली नव्हे, विजेच्या दिव्याखाली झाला. दिव्याने मला माया लावली नाही आणि मीही पुढे कोणाला लावली नाही. चार महिन्यांची झाल्यावर माझ्या पायात चौदा नंबरची कडी अडकवली गेली. मग पाच बहिणींसोबत मला नाईलच्या पूर्व काठावर, कफ्र सुनबुल गावात, उम्म तल्बाच्या गच्चीवर आणून ठेवलं.

नोकरी अशी होती: पिंजऱ्यात बसायचं आणि डास चावू द्यायचे. दर दुसऱ्या रविवारी डॉक्टर इन्शिराह यायच्या, माझा पंख उलटा करून सुईने रक्त काढायच्या. रानपाखरांच्या अंगातला एक ताप डासांवर बसून गावात उतरलाय का, हे त्या रक्तावरून कळतं. त्या तापाने कावळा मरतो. माणूस बहुतेक वेळा वाचतो, पण कधी कधी तो ताप मेंदूत चढतो. कोंबडीला काहीच होत नाही, आणि तिच्यापासून पुढे कोणाला लागणही होत नाही. तिच्या रक्तात फक्त खूण राहते. म्हणून ही नोकरी आम्हाला. आम्ही अर्ज केला नव्हता.

डॉक्टरीणबाईंना मी दर वेळी चोचलं. त्या दर वेळी म्हणायच्या, "चौदा, तुझ्यासारखी मेहुणी कोणाला मिळू नये."

उम्म तल्बा मला 'ए सरकारी' म्हणायची. "ए सरकारी, दोन दिवस झाले, अंडं कुठाय?"

"अगं, सरकारी आहे ना," तिचा नवरा खालून ओरडायचा, "देईल सावकाश."

हे अबू तल्बा. गावात मी न चोचलेला एवढा एकच माणूस. सकाळी चहात बुडवलेला भाकरीचा तुकडा ते माझ्यापुढे टाकायचे आणि काही बोलायचे नाहीत. न बोलणारी माणसं मला आवडतात.

गावच्या तिठ्यावर एक पाणपोई होती. लाकडी तिवयांवर पाच रांजण, आणि झिरपणारं पाणी पाखरांसाठी साठावं म्हणून खाली मातीचे पाच पसरट परळ. उम्दा हाजी मितवल्लींनी ती आपल्या वारलेल्या वडिलांच्या नावाने बसवली होती. उम्दा म्हणजे गावचा मुखिया. तुमच्या भाषेत उम्दाचा अर्थ काय होतो ते मला ठाऊक आहे. दोन्हींचा काही संबंध नाही. रांजण भरायचं काम अबू तल्बांकडे होतं, आणि संध्याकाळी, नेमके डास निघायच्या वेळेला, ते तिथेच बाकावर बसलेले असायचे.

नदीपलीकडे, पश्चिम काठावर, मिन्यत दाऊद गाव आहे. त्या गावाशी आमचं वैर. एकोणीस वर्षांपूर्वी आमचं एक बदक पोहत तिकडे गेलं आणि तिथेच अंडी घालून बसलं. पिल्लं कोणाची, हे अजून ठरलेलं नाही. या वादावरून दोन लग्नं मोडली आहेत. बदकाचं काय झालं, ते कोणी विचारत नाही.

त्या उन्हाळ्याच्या अखेरीला आधी तीन कावळे मरून पडले. उम्दा म्हणाले, "म्हातारे असतील." मग रविवारी डॉक्टरीणबाई कागद घेऊन धावत आल्या. उम्म तल्बाकडून मला बखोटीला मारून त्या थेट पाणपोईवर गेल्या.

"हाजी, चौदा नंबरच्या रक्तात खूण सापडली. ताप गावात आलाय. आजच्या आज हे परळ उपडे करा. आत बघा, अळ्या वळवळतायत!"

"वडिलांचं पुण्य मातीत ओतू म्हणता?" उम्दांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं, तापाचं नाव काय म्हणालात?"

"पश्चिम नाईल ताप."

"आणि आपण कुठे उभे आहोत?"

"पाणपोईपाशी."

"काठ कोणता, बाई, काठ?"

"पूर्व. पण ते नुसतं नाव आहे हो! डासाला काठ कळतो का?"

"सरकारला कळतो. सरकारने नाव विचार करूनच ठेवलं असेल ना? ताप पलीकडच्यांचा आहे. त्यांनाच द्या."

बाकावरची सगळी माणसं समाधानाने हसली. मग न्हावी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "पण हाजी, मग ताप हिच्यात आला कुठून? मी स्वतः पाहिलंय, ही झोपताना तोंड पश्चिमेकडे करते."

"पिंजऱ्याचं दारच पश्चिमेला आहे!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"बघा! दारसुद्धा!"

अशा रीतीने मी पलीकडच्या गावची हेर ठरले. मला शुक्रवारी कापून मुलूखियाच्या भाजीत घालायचं, असा निकाल लागला.

"कापायची तर कापा," डॉक्टरीणबाई हात जोडून म्हणाल्या, "पण आधी ते पाणी ओता!"

या वाक्याचा पहिला भाग मी आजवर विसरलेली नाही.

मागोमाग आलेल्या उम्म तल्बाने मात्र मला हिसकावून घेतलं. "माझ्या गच्चीवरची कोंबडी मी कापीन, नाहीतर कोणी नाही. तुम्ही तुमच्या गच्चीवरचं बघा." हे प्रेम नव्हतं. तिला कोणी हुकूम सोडलेला खपत नाही, इतकंच.

परळ तसेच राहिले. अबू तल्बाही तसेच रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसत राहिले.

आठव्या दिवशी त्यांना ताप भरला. सगळे म्हणाले, ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी ते बायकोला 'चौदा' म्हणाले आणि मला 'उम्म तल्बा'. आम्हा दोघींनाही राग आला. मग त्यांची मान वाकेना. तेव्हा उम्म तल्बाचा राग उतरला, आणि त्यांना तीनचाकीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. सकाळचा तुकडा बंद झाला.

मित्रांनो, मी आठ दिवस आधी सांगितलं होतं. माझ्याकडे जे होतं त्यात, म्हणजे रक्तात, सांगितलं होतं.

तीन दिवसांनी उम्म तल्बा दवाखान्यातून कपडे न्यायला आली. घरी न येता ती आधी पाणपोईवर गेली. गच्चीवरून मला सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं.

"बसा, बसा," ती म्हणाली. "पलीकडचे काय म्हणतायत ऐकलंत का? त्यांनी आपली भांडी कधीच पालथी घातली. आणि तापाचं नाव बदललंय. 'पश्चिम' नाही म्हणत आता. 'कफ्र सुनबुलचा ताप' म्हणतात."

"काय?" न्हावी उठून उभा राहिला.

"म्हणतात, आधी बदक सांभाळता आलं नाही, आता डासही सांभाळता येईनात. सगळे आमच्याकडे येतात."

ती पलीकडे गेलीच नव्हती. पण कोणी विचारलं नाही. दुपारच्या नमाजापर्यंत गावातली एकूण एक बादली, टायर, डबा उपडा झाला. पलीकडच्या गावाला ऐकू जावं म्हणून काहींनी डबे वाजवतच उपडे केले. राहिले फक्त पाणपोईचे पाच परळ.

उम्दा त्यांच्यापुढे आडवे उभे राहिले. "वडिलांच्या नावाचं पाणी आहे, बाई."

"हाजी," उम्म तल्बा पहिल्यांदाच हळू बोलली, "वडिलांच्या नावाने तुम्ही तहानलेल्यांसाठी पाणी ठेवलंत. त्या पाण्याने माझ्या माणसालाच प्यावं म्हणून नाही."

उम्दांनी खाली वाकून स्वतःच्या हाताने पाचही परळ पालथे केले. अळ्या धुळीत वळवळल्या. इतकं चांगलं खाणं, आणि मी पिंजऱ्यात.

त्या हंगामात गावात आणखी कोणाला तो ताप आल्याचं ऐकलं नाही. पुण्य मात्र सगळं उम्दांनी घेतलं.

आता मी या कामाची राहिले नाही. एकदा खूण उमटलेलं रक्त नवी बातमी देत नाही. डॉक्टरीणबाईंनी माझी कडी काढून दुसरीच्या पायात घातली. ती अजून चोचायला शिकलेली नाही. उम्म तल्बा रोज सुरी दाखवते आणि रोज म्हणते, "तुला कापलं तर शिव्या कोणाला देऊ?"

अबू तल्बा दीड महिन्याने परतले. चालतात, पण उजवा हात सतत थरथरतो. रांजण आता न्हावी भरतो.

मित्रांनो, मला तुमचं प्रेम नको. घरी गेलात की कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा टायर, फुटका माठ, सगळं पालथं करा. आकाशातून मेलेला कावळा पडला तर कोणाला तरी सांगा. आणि एखादी कोंबडी बातमी घेऊन आली, तर तिला काठ विचारत बसू नका.

अबू तल्बा अजूनही सकाळी चहात भाकरी बुडवतात. पण आता त्यांना तुकडा टाकावा लागत नाही. हातातून आपोआप पडतो. मी तो उचलते, आणि ते खाली बघायच्या आत खाऊन टाकते.