सुलाबाईचा हेल

मारुतीच्या पारापाशी जीप थांबली. रुख्मिणी खाली उतरली, तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि तिथूनच हेल काढला.

“आगं माझे मायऽ, मला न भेटताच गेलीस गंऽ…”

बोरी गावाची दारं उघडली. बायका बाहेर आल्या. रीतच होती तशी. बाहेरगावच्या लेकीने गल्लीच्या तोंडापासून रडत यायचं, घरातल्या बायकांनी रडत पुढे व्हायचं आणि मध्ये कुठेतरी एकमेकींच्या गळ्यात पडायचं. पण पारावरच्या पोरांत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं हसलं. समोरच्या माडीवरून एका बाईचं खिदळणं आलं आणि लगेच पदरात दाबलं गेलं.

“धुरपी आली रे, धुरपी!”

रुख्मिणीचा हेल अर्ध्यावरच तुटला. पुढे आलेल्या बायकांपैकी एकीचे ओठ थरथरत होते. ते रडण्याने थरथरत नव्हते, हे तिला लांबूनच कळलं. माणसाच्या तोंडावर हसू कुठे सुरू होतं हे बघण्यातच तिची उमर गेली होती. तिने तोंड मिटलं आणि कुणाच्याही गळ्यात न पडता ती सरळ घरात शिरली.

आई जिथे गेली त्या जागी पिठावर दिवा ठेवलेला होता. रुख्मिणी त्याच्यासमोर बसली. डोळे कोरडे, तापलेले.

धाकटा भाऊ नागनाथ पाण्याचा तांब्या घेऊन आला.

“तार उशिरा मिळाली का, अक्का?”

“तार येळेवर मिळाली. गाडी अडवली होती. नामांतरावरनं.”

एका लहानशा स्टेशनात गाडी दिवसभर उभी होती. विद्यापीठाच्या नावावरून डब्यात दोन तट पडले होते आणि माणसं एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात होती. तेवढ्यात कुणीतरी तिला सिनेमातली म्हणून ओळखलं. झालं, दोन्ही तट एक झाले. “बाई, एकदा रडून दाखवा ना. तेवढाच वेळ जाईल.” ती म्हणाली, “माझी आई वारली आहे. तिकडेच निघालेय.” त्यावर अख्खा डबा हसला. तिने ते चेष्टेने म्हटलं असंच त्यांना वाटलं होतं.

हे तिने नागनाथला सांगितलं नाही. तो अजून उभाच होता, अंगठ्याने जमीन उकरत.

“बोल की. काय हाय?”

“दुपारी वालूरची मंडळी येणार हाईत. आईच्या माहेरची. मामी, मावश्या, समदे.” तो थांबला. “तू जरा बारीक रड, अक्का. न्हाईतर… रडूच नको. लोक हसायलेत. उगं आईची शोभा व्हायची.”

रुख्मिणीने तांब्या असा आपटला की पाणी त्याच्या पायांवर उडालं.

“माझ्या आईसाठी मीच रडू नको? मग कोण रडावं, तू? तुला तर दूध उतू गेलं तरी आई लागत होती.”

“मी तुझ्याच भल्याचं बोलायलोय.”

“माझ्या भल्याचं समदे बोलतेत. चल, हो बाजूला.”

तो बाहेर गेला आणि त्याच्या जागी दत्तराव आत आला. गावात त्याचं व्हिडिओचं दुकान होतं आणि गळ्यात कॅमेरा होता.

“धुरपीबाई, दुःखाचा प्रसंग हाय, कळतंय मला. पण एक फोटो झाला असता तर…”

“माझं नाव रुख्मिणी. तुमच्याच वर्गात होते.”

“ते हायेच की. पण लोकांला धुरपीच ठाव.”

“तुमच्या मयताला येते दत्तराव, तवा काढा फोटो. नुसता एक न्हाई, रीळच्या रीळ काढा.”

दत्तराव हसला. एवढं ऐकून घेतल्यावरही तो मनापासून, खूश होऊन हसला आणि बाहेर जाऊन पारावरच्या लोकांना ते वाक्य सांगू लागला. ती काहीही बोलली तरी ते विनोदातच जमा व्हायचं. शिवी दिली तरी लोक बक्षीस मिळाल्यासारखी घेऊन जायचे.

धुरपी हे तिच्या पहिल्या सिनेमातल्या मोलकरणीचं नाव होतं. काम दोन मिनिटांचं. धुरपीची शेळी मरते, एवढाच प्रसंग. दिग्दर्शक पुण्याचा होता. तो म्हणाला, “काहीतरी आरडाओरडा करा हो, तुमच्याकडे करतात तसा.” रुख्मिणी तेव्हा नवी होती, घाबरलेली होती. आरडाओरडा म्हणजे काय करायचं हे न कळून तिने डोळे मिटले आणि आईचा हेल काढला. गेलेल्या शेळीचा सगळा जन्म सांगत ती रडली. कॅमेऱ्यामागची माणसं पोट धरून खाली बसली. त्या दिवशी तिला वाटलं, आपण काहीतरी मोठं केलं.

त्यानंतर तिला जे काम मिळालं त्यात ती रडली. घागर फुटली, रडली. चप्पल विहिरीत पडली, रडली. नवऱ्याने मिशी काढली, रडली. पुढे घरोघरी टीव्ही आले तेव्हा मालिकेतही तीच धुरपी आली, फक्त लुगड्याचा रंग बदलून. “ते ‘लय’ आणि ‘न्हाई’ सोडू नका हां,” असं प्रत्येक जण बजावायचा. ती दुसरं काम मागत राहिली. एकदा फारच भांडली तेव्हा एका सिनेमात तिला आईचं काम मिळालं. मुलाचं प्रेत अंगणात आणलं जातं आणि आई धावत येते. तिने त्यात जीव ओतला. पहिला खेळ आपल्याच माणसांना दाखवला, तर तिने “आगं माझ्या लेकरा” म्हणताच अंधारात हसू फुटलं. सिनेमा लागला तेव्हा पडद्यावर तिची नुसती पाठ दिसत होती आणि तिच्या आवाजाच्या जागी सारंगी वाजत होती. दिग्दर्शकाने समजूत काढली, “तुम्ही रडता आणि लोक हसतात, हे भांडवल आहे हो. जपा ते.”

भांडवल सुलाबाईचं, रुख्मिणीच्या आईचं होतं. ती रडायला लागली की अख्खा गाव गप्प व्हायचा. गेलेल्या माणसाने कुठली विहीर खणली, कुठल्या दुष्काळात कुणाच्या घरी पायली ज्वारी धाडली, कुठल्या लेकराला खांद्यावर घेऊन दवाखान्यापर्यंत अनवाणी गेला, हे सगळं त्या हेलात यायचं. ज्याला जिवंतपणी कुणी भलं म्हटलं नाही, त्याचंही एखादं भलेपण ती शोधून काढायची. आजूबाजूच्या गावांतली मयतं तिच्यासाठी खोळंबायची.

“खा दोन घास,” असं म्हणत तिच्या हातात भाकरी देऊन कडूबाई काकू जवळ बसली. सुलाबाईची ही धाकटी जाऊ. दोघींचं सारं आयुष्य एका चुलीवर गेलेलं.

“भूक न्हाई, काकू. रागानंच पोट भरलंय.”

“तुझ्या आईचंबी असंच भरलं होतं.”

रुख्मिणीने मान वर केली.

“तुझा तो शेळीचा सिनेमा जत्रंत तंबूत दाखवला, त्याच साली तात्यारावचा बाप गेला. वहिनी, तुझी आई, गल्लीच्या तोंडाशी गेल्या, तोंड उघडलं, अन् पोरं लागली वरडायला, ‘धुरपी, धुरपी!’ म्हातारंकोतारंबी हसलं. तात्यारावनं हात जोडले, म्हणला, सुलाबाई, राहू द्या.”

“मग?”

“मग काय. घरी आल्या, चुलीम्होरं बसल्या अन् तुला लय शिव्या घातल्या. माझ्या तोंडातलं काढून बाजारात इकलं म्हणल्या. किती तरी दिस कुणाच्या मयताला गेल्या न्हाईत.”

रुख्मिणीच्या हातातली भाकरी हातातच राहिली. “मला कुणी सांगितलं न्हाई.”

“त्यांनी सांगू दिलं न्हाई. पुढं तुझं नाटक परभणीला लागलं, ध्यानात हाय? आमी दोघी आलतो. गुपचूप. शेवटच्या बाकावर बसलाव.”

“आलतात? अन् भेटला न्हाईत?”

“मी म्हणलं, चला, लेकीला भेटू. वहिनी म्हणल्या, नको, कामात हाय ती. पण येताना एस्टीत सारखं एकच. ‘कडू, रुख्मीला बघितलंस का? लोक हसायले तवर ती गप हुबी. नुसती बघत. हसू सरलं, मग बोलली. एकाचंबी हसू आपल्या बोलण्यावर पडू दिलं न्हाई.’”

काकूने डोळ्यांना पदर लावला.

“त्याच्यामागनं बौद्धवाड्यातल्या सटवाजीची आई गेली. ह्याच नामांतराचा तवा गोंधळ चालू होता. हिकडचं तिकडं कुणी जाईना. वहिनी गेल्या. तोंड उघडलं अन् पोरं हसलीच. तर ह्या बया रस्त्यातच खाली बसल्या. म्हणल्या, ‘हसून घ्या आधी. मी बसते.’ अन् बसल्या की. पदराच्या शेवाला गाठी मारीत बसल्या. पोरं हसून हसून थकली. मग उठल्या अन् अशा रडल्या, अशा रडल्या… हसणारं एक पोरगं भिताडाला तोंड लावून रडलं बघ.”

दिव्यात तेल कमी झालं होतं. रुख्मिणीने ते घातलं, वात सारली आणि भाकरीचा तुकडा तोंडात घातला.

दुपारी वालूरचा ट्रॅक्टर पाराजवळ थांबला. समोरची माडी आधीच भरली होती. दत्तराव कॅमेरा घेऊन सगळ्यांत पुढे उभा होता. कस्तुरा मामी ट्रॅक्टरवरून उतरली आणि तिने तिथूनच सुरू केलं.

“माझ्या वन्संऽ, माहेराला पाठ दावली गंऽ…”

उंबऱ्यातून रुख्मिणी खाली उतरली. नागनाथने तिच्या दंडाला धरलं, “अक्का…” तिने त्याचा हात काढून टाकला. ती गल्लीच्या मधोमध गेली आणि तिने हेल उचलला.

“आगं मामेऽ, कुणाला भेटाय आलीस गंऽ…”

माडी फुटली. पार फुटला. वालूरच्या बायका गोंधळून जागच्या जागी थांबल्या. मामीचं रडणं अर्ध्यावर राहिलं. नागनाथने खाली मान घातली.

रुख्मिणी गप्प झाली. लुगडं सावरलं आणि ती तिथेच धुळीत, रस्त्याच्या मध्ये, मांडी घालून बसली.

“हसून घ्या आधी,” ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी तो माडीच्या पत्र्यापर्यंत गेला. “मी बसते.”

हसू आणखी एकदा उसळलं. ते उसळणारच होतं, तिला माहीत होतं. या वाक्यानंतर ते उसळतं आणि मग खाली येतं. तिने पदराचा शेव हातात घेतला आणि एक गाठ मारली. कडूबाई काकू लंगडत आली आणि तिच्या शेजारी बसली. मामीला काही कळलं नव्हतं, पण तीही आली आणि बसली. मग वालूरच्या सगळ्याच बायका बसल्या. रस्ता भरून गेला.

रुख्मिणीने माडीकडे मान वर केली आणि एकेका तोंडाकडे बघायला सुरुवात केली. जिथे नजर जाई तिथलं हसू विझे. पारावरची पोरं गप्प झाली. एकाने टोपी काढली. दत्तरावच्या हातातला कॅमेरा केव्हाच खाली आला होता.

माडीच्या कोपऱ्यात एकच हसू उरलं होतं, साथ मिळेना म्हणून चाचरत चाललेलं. रुख्मिणीने तिकडे नजर वळवली आणि पदराला आणखी एक गाठ मारली. तिला घाई नव्हती.