तोंडात नळी

पियानो वाजवता वाजवता पोरांना फैलावर घेण्यात गाण्याच्या बाईंचा हातखंडा होता. पियानो दुरुस्तीला गेला, म्हणून त्यांनी वर्गात मेलोडिका आणली. हातभर लांबीचं वाद्य, त्यावर पियानोसारख्या पट्ट्या, टोकाला नळी. नळीतून फुंकायचं आणि पट्ट्या दाबायच्या, झालं. गाणं सुरू झालं आणि मागच्या रांगेत कुणीतरी बेसूर झालं. बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण नळी काढली तर सूरच बंद! नुसते डोळे वटारून त्या फुंकत राहिल्या. गाणं पहिल्यांदाच शेवटपर्यंत पोचलं. पोरं एकमेकांकडे बघतच राहिली.

आठवड्याने पियानो परत आला.

"बाई, कुठे ठेवू?" कारागिराने विचारलं.

बाईंनी तोंडातली नळी न काढताच कोपऱ्याकडे बोट दाखवलं.