एकाच रंगाच्या तबकड्या

ताईच्या गाण्यांच्या तबकड्यांवरच्या रंगीत टिकल्या धाकटीनेच चिकटवलेल्या. दोघी बहिणी तेव्हा एका खोलीत राहायच्या आणि खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, इतक्या तबकड्या. ताई हाऊसची, म्हणजे एकसारख्या ठोक्यावर नाचायची, गाणी एकमेकांत मिसळायची. धाकटी खेळण्यातल्या पियानोवर बोट ठेवून प्रत्येक गाण्याची पट्टी शोधायची आणि पट्टीगणिक रंग ठरवायची. ताईला पट्टी कानानेही कळायची, पण नाचाच्या अंधाऱ्या हॉलमध्ये चाचपडत बसायला वेळ कुणाला? एका रंगाच्या दोन तबकड्या काढायच्या, लय जुळवायची आणि एकीच्या आवाजावर दुसरीचा हळूच चढवायचा. पहिलं गाणं कधी संपलं, नाचणाऱ्यांना पत्ता लागायचा नाही.

शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ताई एक गोष्ट बजावायची. तबकडी जोरात फिरवली की लयीबरोबर सूरही वर चढतो. त्यामुळे टिकलीवर विसंबायचं ते तबकडी मूळ वेगात असेल तोवरच. वेग वाढवलास की तो रंग विसर. कुणी चुकलं तर ती त्याची अशी हजेरी घ्यायची की पोरं पुन्हा चुकायची नाहीत.

आता हॉल नव्या मालकाने घेतला होता. रविवारची दुपार वर्षानुवर्षं ताईची. मालकाने सरळ सांगितलं होतं, एकदा वाजवून दाखवा. जमलं तर रविवार तुमचा, नाहीतर कॉम्प्युटरवाली मुलं आहेतच. ताईला नवरा नाही, मूल नाही. रविवार गेला तर तिच्याकडे उरणार काय, हे धाकटीला पक्कं माहीत होतं.

आणखी एक गोष्ट धाकटीला माहीत होती, ती तिने कुणाजवळ काढली नव्हती. थंडीत एकदा ताईच्या स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारमारून कोरडी पडली आणि ताई पाठमोरी उभी राहून भाजी चिरत राहिली. हल्ली लोक पुटपुटतात, अशी ताईची तक्रार असायची. धाकटीने विषय काढायचा प्रयत्न केला, तेव्हा ताई म्हणाली, "तू तर लग्नातही पुटपुटलीस. नवरा बिचारा होकार समजून बसला." दोघी हसल्या आणि विषय तिथेच राहिला.

त्या दुपारी हॉलमध्ये सगळे दिवे लावलेले होते, खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या. एक बाई फरशी पुसत होती. मालक लांब बसला होता. धाकटी नेहमीसारखी ताईच्या मागे उभी राहिली. काही बिनसलं तर कोपर ओढायचं, ही त्यांची जुनी खूण.

सुरुवात झकास झाली. ताईने एक हात टेबलावर टेकवला होता; ठोका तिला तळव्यातूनच कळत होता. मालकाचा पाय हलू लागला. धाकटीचा जीव भांड्यात पडला.

मग ताईने एक संथ, जुनी तबकडी काढली. हिरवी टिकली. वाजत होती तीही हिरवीच. पण वाजत होती ती बरीच जलद. ताईने संथ तबकडीच्या वेगाचं बटण शेवटपर्यंत वर सरकवलं, लय केसभरही न ढळता जुळवली आणि आवाज उघडला.

दोन्ही गाण्यांचे ठोके एक झाले, पण त्यांत अर्ध्या स्वराचं अंतर पडलं होतं. दोन बायका, दोघी सुरात, पण एकमेकींच्या विरुद्ध गाताहेत, असं काहीतरी. पुसणाऱ्या बाईने मान वर करून पाहिलं. मालकाचा पाय थांबला.

धाकटीने कोपर ओढलं. ताईने हेडफोन खाली सरकवले.

"पट्ट्या भांडतायत," धाकटी तिच्या कानाशी म्हणाली.

"मला तर छान वाटतंय," ताई म्हणाली.

मग तिची नजर वर सरकवलेल्या वेगाच्या बटणावर गेली, तिथून हिरव्या टिकलीवर. तिचा चेहरा उतरला. चूक तिला डोळ्यांनी सापडली होती. तिने नंतर लावलेलं गाणं बंद केलं आणि आधीचं शेवटपर्यंत वाजू दिलं. ते संपलं तेव्हा हॉलमध्ये फक्त फडक्याचा आवाज उरला. मालक सभ्यपणे म्हणाला, कळवतो. कळवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

टॅक्सीत तबकड्यांचे खोके मांडीवर घेऊन दोघी मागे बसल्या.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"थंडीपासून."

"आणि तू मला वाजवू दिलंस."

धाकटीने सांगितलं असतं, तर रविवार तिनेच हिरावून घेतल्यासारखा झाला असता. आणि गप्प राहिली, म्हणून ताईची शोभा परक्या माणसांसमोर झाली.

ड्रायव्हरने गाणं लावलं. सवयीने ताईची बोटं खोक्यावर पडू लागली, अगदी ठोक्यावर ठोका. तिने खिडकीकडे बघतच विचारलं, "पट्टी कुठली गं याची?"

"आपला निळा," धाकटी म्हणाली.

ताईने मान डोलावली आणि बोटं थांबवली.