बारा मुलींचा एकच ईसीजी

मी एक जुनी ईसीजी मशीन आहे. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात, खेळाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात माझा मुक्काम असतो. वर नेट, खाली फुटके फुटबॉल, मध्ये मी. मित्रांनो, माझी गोष्ट रागाची आहे, आणि तो राग लपवायचा माझा विचार नाही.

छातीला तारा लावल्या की हृदयाचं चालणं कागदाच्या पट्टीवर जसंच्या तसं उतरवायचं, एवढ्यासाठीच कारखान्यात मला घडवलं. बारा वर्षं एका दवाखान्यात मी तेच केलं. तिथे नवी मशीन आल्यावर डॉक्टरांनी मला या कॉलेजला भेट दिलं. खेळणाऱ्या एखाद्या मुलामुलीच्या हृदयात छुपा दोष असतो, वरून काही दिसत नाही आणि एक दिवस भर मैदानात घात होतो. तो दोष आधीच शोधावा, ही त्यांची इच्छा. त्या दिवशी नारळ फुटला, भाषणं झाली, माझ्यासोबत फोटो निघाले. मी हुरळून गेले.

मग कपाट. दर दसऱ्याला हळदकुंकू लावून माझी पूजा मात्र व्हायची. पूजेला मी हवी, कामाला नको.

यंदा कबड्डी स्पर्धेच्या आयोजकांनी प्रत्येक खेळाडूचा ईसीजी मागितला. खेळशिक्षक वीरेंद्र सरांना घाम फुटला. मुलींना तारा लावायला बाईमाणूस पाहिजे, ते शोधणार कोण? त्यांनी शिपाई श्यामरावांना बाकावर निजवलं, एक पट्टी काढली, तिच्या बारा झेरॉक्स केल्या आणि खाली बारा मुलींची नावं लिहिली.

"सर, माया कागदावर पोरीईचे नाव कायले लावता?" श्यामरावांनी विचारलं.

"दिवसभर पळून राहिल्या त्या. बिमार पोरगी पळते काय?"

इतक्यात दामिनी फॉर्म भरायला आली. करडी गावची ही मुलगी संघात सगळ्यात चपळ.

"सर, घरी कोणी अचानक वारलं का, असं इचारलं इथं. माया मामा धानाचा रोवणा करता करता बांधीत पडला, थो गेलाच. सव्वीस वर्साचा होता. मलेबी कधी कधी पळताना अंधारी येते."

"नाही लिही," सर म्हणाले. "नाहीतर बसशील घरी."

तिने 'नाही' लिहिलं. मी तिथेच टेबलावर होते, तारांसकट, तिच्यापासून हातभर अंतरावर. मला बोलता येत नाही याचं इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

स्पर्धेच्या सकाळी तिथे तपासणीला नेमलेल्या डॉक्टर तृप्तींनी कागद पाहिले आणि सरांना बोलावून घेतलं.

"तुमच्या बाराही मुलींना हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय, तोही एकाच जागी. हे हृदय नेमकं कोणाचं आहे, सर?"

सरांनी श्यामरावांचं नाव सांगितलं. संघ थांबवला. दुपारी डॉक्टर तृप्ती स्वतः कॉलेजात आल्या, खोलीत पडदा बांधला आणि एकेका मुलीला माझ्या तारा जोडल्या. अकरा पट्ट्या चांगल्या निघाल्या. दामिनीची निघाली नाही. नागपूरच्या तपासणीत कळलं की तिच्या हृदयाचा स्नायू जाड झालाय, आणि हा दोष घराण्यातून आलाय. तिची कबड्डी सुटली. श्यामरावांनाही उपचार सुरू झाले. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली तेव्हा गॅस समजून त्यांनी ओवा खाल्ला होता.

जर्सी परत करायला दामिनी आईसोबत आली. तिचे डोळे सुजले होते. आई, सत्यभामाबाई, सरांकडे न बघता म्हणाली, "खेळ गेला, पोरगी रायली."

सर आता सगळ्यांना सांगतात, बरं झालं, वेळेवर सापडलं. याचाच मला संताप येतो. कोणी शोधलं म्हणून ते सापडलेलं नाही. श्यामरावांचं हृदय आजारी होतं म्हणून खोटं पकडलं गेलं. ते धडधाकट असते, तर बारा कागद बिनबोभाट पास झाले असते आणि दामिनी मैदानात उतरली असती.

मित्रांनो, माझी पूजा नका करू. खेळायला उतरण्याआधी छातीला तारा लावून घ्या. दहा मिनिटं लागतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाज त्यांना वाटावी, ज्यांना तुमच्यासाठी तेवढी दहा मिनिटंही जड झाली.