मटार सोलतानाचं रेकॉर्डिंग

देविका लखनौला आली ती तराईतल्या सारस पक्ष्यांच्या सर्वेक्षणासाठी. सामानात कॅमेरा, एक मेमरी कार्ड, फोनला जोडायचा कार्ड रीडर आणि एक पेनड्राइव्ह. लॅपटॉप तिनं मुद्दाम सांगलीला ठेवला होता. गावोगाव पाठीवर वागवायला तो जड, आणि फोनवरून कार्ड पेनड्राइव्हवर उतरवता येतं हे तिनं घरी करून पाहिलं होतं. प्राणिशास्त्रात एमएस्सी झालेली मुलगी. करून पाहिल्याशिवाय ती कशावर विसंबत नसे.

जीपला दोन दिवस उशीर होता, म्हणून ती निशातगंजला धनंजयकाकांकडे राहिली. काका इथल्या एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले. त्यांच्या घशात कॅन्सर निघाला होता. त्या आठवड्यात ऑपरेशन होतं आणि त्यात स्वरयंत्र पूर्ण काढणार होते. पुढे एक उपकरण लावून बोलता येईल, पण तो आवाज यंत्राचा असेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"ताई, तेरे पास कॅमेरा है ना?" प्रणिता म्हणाली. ही काकांची मुलगी. जन्म लखनौचा, मराठी सगळं समजायचं, उत्तर हिंदीत यायचं. "बाबा का रिकॉर्ड कर दे. मेरे सामने वो बोलेंगे नहीं. मैं रो दूँगी और वो चिढ़ जाएँगे."

ती ऑफिसला गेल्यावर देविकानं काकांना खिडकीशी बसवलं आणि कॉलरला माइक लावला.

"माझं नाव धनंजय बाळकृष्ण आपटे. नोकरीनिमित्त मी लखनौस आलो, त्यास आता—"

"काका, सेमिनार देताय तुम्ही."

"मग काय लावणी म्हणू?"

पण कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला की ते पुन्हा ताठ व्हायचे. देविका प्रश्न विचारायची, ते दोन मिनिटांत मुद्देसूद उत्तर द्यायचे, ती कॅमेरा बंद करायची. अशा बऱ्याच छोट्या क्लिपा झाल्या.

संध्याकाळी विनयाकाकूंनी मटारची पिशवी त्यांच्यापुढे ओतली. "बोलणं झालं असेल तर हात चालवा. मटार वाटून निमोना करायचाय."

काका मटार सोलायला लागले आणि कॅमेरा विसरले. पहिल्या घरमालकाची नक्कल करायला लागले. हा माणूस भाडेकरूला घराबाहेर काढायचा तोही अदबीनं. "हुज़ूर, मकान तो आप ही का है," असं म्हणून काका थांबले, एक शेंग सोलली, दाणे ताटात टाकले, आणि मग म्हणाले, "बस, महीने के आख़िर तक ख़ाली कर दीजिए." काकू स्वयंपाकघरातून हसल्या. मग प्रणिता लहानपणी झोपायची नाही तेव्हा रचलेलं गाणं आलं, "भेंडी चालली चौकात, टमाटर बसला रिक्षात." तिला हाक मारायचे तशी एक हाकही त्यांनी मारून दाखवली: "चिमणे, दार लाव गं!"

देविकानं कॅमेरा बंद केला नाही. मध्ये थांबवलं की ते पुन्हा ताठ होतील, हे तिला दिवसभरात कळलं होतं. पिशवी संपेपर्यंत ती एकच क्लिप चालू राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जीप यायच्या आधी, तिनं फोनला कार्ड रीडर जोडला, त्याच्या एका खाचेत कार्ड आणि दुसरीत पेनड्राइव्ह घालून सगळं उतरवायला लावलं. पट्टी सरकत सरकत संपली. शेवटी पडद्यावर कसलीशी एक ओळ आली, त्याच क्षणी ड्रायव्हरचा फोन वाजला. "मैडम, गली में घुस नहीं रही, बाहर आ जाइए." फोन ठेवेपर्यंत ती ओळ गेलेली होती.

तरी तिनं तपासलं. पहिली क्लिप उघडली, शेवटची उघडली, मधल्या चार-पाच कुठल्याही उघडल्या. सगळ्या चालत होत्या. तळ्यातल्या पाण्याचा नमुना घ्यावा, तसा तिनं नमुना घेतला.

"कार्ड यहीं छोड़ दे ना," दारात उभी राहून प्रणिता म्हणाली. "नया ले लेते हैं. मार्केट सामने ही तो है."

"इथल्या दुकानात नकली कार्ड मिळालं तर? ते मला तिकडे शेतात गेल्यावरच कळणार. पेनड्राइव्हवर आलंय सगळं, मी बघितलं."

"सब देखा?"

"अगं, बघितलं म्हणते ना."

तिनं पेनड्राइव्ह प्रणिताच्या हातात दिला आणि जीपमध्ये बसून कार्ड फॉरमॅट केलं. फील्डवर जाताना कार्ड कोरं असलं पाहिजे, असा तिचा नियम होता.

ती परतली तेव्हा काका हॉस्पिटलमधून घरी आले होते. मानेवर जाळीदार फडकं, त्यामागे नळी. तिला पाहून त्यांनी दोन्ही हात लांब पसरले, पंखांसारखे, आणि भुवया उडवल्या. सारस दिसले का?

"दिसले, काका. पिल्लांसकट."

"पहले ये लगा," प्रणिता म्हणाली. तिनं अजून काही पाहिलं नव्हतं. ताई आल्यावर सगळे मिळून पाहू म्हणून थांबली होती. पेनड्राइव्ह टीव्हीला लागला. माझं नाव धनंजय बाळकृष्ण आपटे. संस्थेतला पहिला दिवस. पगार. लखनौचं हवामान. प्रणिता ओठ दाबून बघत होती.

"ये तो ऑफ़िसवाले बाबा हैं," ती जरा वेळानं म्हणाली. "मटरवाला कहाँ है? आई बता रही थी."

देविका रिमोटनं खाली गेली. मग वर. मग पुन्हा खाली. यादीत ती क्लिप नव्हती.

तिनं पेनड्राइव्ह फोनला जोडून पाहिला, आणि तेव्हा तिला ती ओळ काय असणार हे समजलं. पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला होता. तो चार जीबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही. लहान सगळ्या घेतो आणि मोठी सोडून देतो. इतकी मोठी फाइल एकच होती. तिनं मध्ये थांबवलं असतं, काकांना दोनदा ताठ होऊ दिलं असतं, तर तीही लहान तुकड्यांत वाचली असती.

"कार्ड में होगा ना?" प्रणितानं विचारलं.

"फॉरमॅट केलं मी. तेवढ्यानंही जात नाही खरं तर, परत काढता येतं. पण त्यावर नवीन काही भरलं नसेल तर. मी तीन आठवडे शूट केलंय. कार्ड पूर्ण भरलंय."

"बहुत अच्छा." प्रणिताचा आवाज शांत होता. "सारस तो बच गए ना?"

"प्रणिता!" काकू म्हणाल्या.

"नहीं आई, पूछ रही हूँ. बच्चे-वच्चे सब ठीक आए ना, ताई?"

काकांनी खुर्चीच्या हातावर दोन टिचक्या मारल्या: पुरे. मग देविकाकडे बोट केलं, तोंडापुढे बोटं उघडमीट केली. तू सांग.

"मी?"

त्यांनी मान हलवली.

देविका सांगायला लागली, आणि तिच्या लक्षात आलं की त्या संध्याकाळी अर्धा वेळ ती माइकची पातळी आणि बॅटरीचं चिन्ह बघत होती. कुकरच्या शिट्टीनं आवाजाची पट्टी लाल झाली, हे तिला नक्की आठवत होतं. गाण्याची पहिली ओळ आठवली, दुसरी आठवली, चाल मुळीच नाही. घरमालक मात्र शब्दन् शब्द लक्षात होता.

"हुज़ूर, मकान तो आप ही का है, बस, महीने के आख़िर तक ख़ाली कर दीजिए."

काकांनी जोरात मान हलवली. नाही, नाही. एक बोट वर केलं. मग हवेत शेंग सोलून दाखवली.

"हां, थांबायचं." तिनं पुन्हा म्हटलं, "मकान तो आप ही का है," आणि ती थांबली. काकांचं बोट वरच होतं. प्रणिता देविकाकडे नाही, त्या बोटाकडे बघत होती. देविकाला वाटलं त्यापेक्षा ते बरंच उशिरा खाली आलं. तिनं वाक्य पुरं केलं.

काका हसले. खांदे हलले, नळीतून नुसती हवा आली. काकूंनी पटकन रुमाल पुढे केला.

"यही शब्द थे?" प्रणितानं विचारलं.

"शब्द हेच होते."

"हाँ." ती उठली, पर्स घेतली, चपला घातल्या. "सामने से दो पेनड्राइव ला रही हूँ. दोनों पर उतार दे, जो बचा है. और इस बार एक-एक खोलके देखना. पूरा."

दार लागलं. देविकानं फोन मांडीवर घेतला, पहिली क्लिप लावली, आणि काका सेमिनारच्या आवाजात आपलं नाव सांगत होते ते शेवटपर्यंत ऐकलं. मग दुसरी लावली. समोर खुर्चीत काका डोळे मिटून पडले होते. झोपले होते की ऐकत होते, ते तिला कळलं नाही.