उत्तर किती यायला हवं?

शनिवारी संध्याकाळी लेक कामावरून आली ती थेट आतल्या खोलीत गेली. दारात एक चप्पल उलटी, एक सुलटी. पिशवीतला डबा तिने काढलाही नाही.

बाहेर टेबलाशी तिचे वडील बसले होते. ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. सव्वीस वर्षे झाली होती. समोर प्रॅक्टिकलच्या जर्नलांचा ढीग होता. सर पान उलटत, ठरलेल्या कोपऱ्यात सही ठोकत आणि पुढचे जर्नल ओढत.

"अहो, वाचता तरी का आत काय लिहिलंय ते?" आईने विचारले. "मी शेंगा सोलते त्याहून भरभर चाललंय तुमचं."

"साठ मुलं आहेत. आणि सगळ्यांचं सारखंच असतं," सर म्हणाले. त्यात काही वावगे आहे असे त्यांना वाटले नाही. तुम्हा-आम्हालाही कुठे वाटते?

तेवढ्यात लेक दारात येऊन उभी राहिली. "बाबा, मला सोमवारी काढून टाकणार बहुतेक."

आईच्या हातातली शेंग ताटलीत पडली.

लेक नुकतीच पहिल्या वर्गात पदवीधर झाली होती, तीही सरांच्याच कॉलेजातून. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतले होते. शहरातल्या एका हॉस्पिटलातून तिथे दर आठवड्याला पाण्याची बाटली येई. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, त्यांचे रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रांना ते पाणी लागते. त्यात क्षार वाढले तर रोग्याच्या जिवाशी गाठ.

"ती बाटली आज माझ्याकडे होती," लेक सांगू लागली. "ब्युरेटच्या नळीतून औषध थेंब थेंब सोडायचं, लालसर पाणी निळं झालं की थांबायचं आणि किती लागलं तो आकडा लिहायचा. तीनदा केलं मी. पण तिन्ही वेळा भलतंच आलं. म्हणून मग मागच्या आठवड्याचा कागद पाहिला. शून्य पॉइंट चार होतं. मी तेच लिहिलं."

"तिन्ही वेळा?"

"हो. आमच्या प्रमुख मॅडमनी कागद पाहिला आणि नुसत्या हसल्या. म्हणाल्या, 'तीन वेळा अगदी सारखं? हात माणसाचा आहे ना?' मग स्वतः तपासायला बसल्या."

"आणि?"

लेक हळूच म्हणाली, "हॉस्पिटलला फोन करून ते पाणी बंद करायला लावलं."

रविवार कसा गेला हे त्या घरालाच ठाऊक. आईने दोनदा मीठ घातले, कुणाच्या लक्षातही आले नाही. सरांच्या मनात एकच घोळत होते: पोरीची पहिलीच नोकरी आणि असा डाग! सोमवारी तेही तिच्याबरोबर निघाले.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम पन्नाशीच्या होत्या. बाह्या दुमडून त्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होत्या. त्यांनी एकवार दोघांकडे पाहिले.

"वडिलांना घेऊन आलीस? बरं झालं. शाळेसारखं वाटलं."

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मॅडम, मुलगी हुशार आहे हो. एकदा सांभाळून घ्या."

"हुशार आहे, मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या आणि लेकीकडे वळल्या. "तुझं खरं किती आलं होतं?"

लेकीने खिशातून चुरगळलेला चिटोरा काढला. "दोन पॉइंट सहा. मग दोन पॉइंट सात. मग परत सहा."

मॅडमनी चिठ्ठ्या खाली ठेवल्या. "अगं, माझंही दोन पॉइंट सहाच आलं! पाण्यातले क्षार काढणारं हॉस्पिटलचं यंत्र बिघडलं होतं. तुझा हात बरोबर होता. मग हे का नाही लिहिलंस?"

"मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. कॉलेजात उत्तर आधीच माहीत असायचं. तसं नाही आलं, तर आलेलं खोडायचं आणि जुन्या जर्नलमधलं लिहायचं. सगळे तेच करायचे."

"आणि ते तपासायचं कोण?"

लेकीने मान खाली घातली. ती बापाकडे बघत नव्हती, हेच सरांना जास्त लागले.

"मी," सर म्हणाले. "तिच्या जर्नलवर माझीच सही आहे."

सर गडबडीने बोलू लागले. साठ मुले, चार ब्युरेट, त्यातल्या दोन गळक्या. अभ्यासक्रम संपवायचा, निकाल लावायचा... बोलता बोलता तेच थांबले.

"खरंय तुमचं," मॅडम म्हणाल्या. "आणि आम्हीही काही साव नाही. आम्हाला पहिल्या दिवसापासून तयार माणूस लागतो, शिकवायला मात्र वेळ नसतो. पण सर, इथे येणाऱ्या बाटलीत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून तर ती इथे येते! तुमची मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात. समोर दिसतंय त्यावर विश्वास ठेवायला तेवढी घाबरतात."

मग त्या लेकीला म्हणाल्या, "महिनाभर तुझा कागद बाहेर जाणार नाही. मोजायचं, आणि येईल ते लिहायचं. चुकलं तर चुकलेलं लिहायचं. पुन्हा खोटं लिहिलंस, तर वडील काय, आजोबांना आणलंस तरी ठेवणार नाही. जमेल?"

"जमेल," लेक म्हणाली.

सर कॉलेजात पोहोचले तेव्हा प्रॅक्टिकलला मुले जमली होती. सरांनी सह्या केलेली साठ जर्नले मुलांना परत न देता कपाटात ठेवली. प्राचार्य विचारतील, पालक तक्रार करतील, निकालही खाली येईल. तरी त्यांनी प्रयोगशाळेच्या शिपायाला बोलावले. "पाच बाटल्या भरून आणा. कशात किती क्षार मिसळलाय ते चिठ्ठीवर लिहून तुमच्याच खिशात ठेवा. मलाही सांगू नका."

मुले चार-चारच्या गटांनी पाळी लावून उभी राहिली. अर्ध्या तासाने मागच्या रांगेतली एक मुलगी भीत भीत म्हणाली, "सर, उत्तर किती यायला हवं?"

"मला माहीत नाही," सर म्हणाले.

सव्वीस वर्षांत हे वाक्य ते प्रथमच बोलले होते. मग ती मुलगी पुन्हा ब्युरेटवर वाकली आणि पहिल्यांदाच तिने पाण्याकडे नीट पाहिले.

मित्रहो, पदवी घेतलेल्या मुलांना काम येत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. पण त्यांच्या खोट्या आकड्यांखाली सह्या कुणाच्या आहेत, हे एकदा पाहायला हवे. मुलांना चुकू द्या, चुकलेले तसेच लिहू द्या. आणि सही करण्याआधी, निदान एकदा, वाचा.