नावाचा हक्क

मरियामाच्या सासूबाई गांबियाहून अमेरिकेत अ‍ॅशबर्नला आल्या त्या सुनेच्या बाळंतपणाला. निदान सांगायला तेच. जाताना सात वर्षांच्या नातीला, बिंताला, सुट्टीसाठी गावी न्यायचं आणि तिथे तिची सुंता उरकायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. मुलीची सुंता, ब्लेडने. मरियामाची लहानपणी झाली होती तशीच. हे सगळं तिने मला आमच्या दोन घरांमधल्या ड्राइव्हवेवर उभं राहून सांगितलं.

माझं डोकं फिरायला वेळ लागत नाही. नागपूरचं ऊन अंगात मुरलंय, असं बुद्धभूषण, माझा नवरा, म्हणतो.

"पोलिसांना फोन कर," मी म्हटलं. "क्राइम आहे हा! तुमच्या देशातही कायदा आहे ना?"

"आहे. वेळ आली तर फोनही करीन. बिंताचा पासपोर्ट मी ऑफिसात लपवलाय," ती म्हणाली. "पण उपासना, गावात अजून कितीतरी बिंता आहेत. त्यांच्यासाठी मी बोलले तर कुत्रं विचारणार नाही. सासूबाई नाही म्हणाल्या तर अख्खी आळी ऐकेल."

दर शनिवारी लायब्ररीत आपल्या देशाच्या बायका जमवून ती हेच बोलायची. तिथे वाघीण. घरी सासूपुढे मात्र शब्द फुटेना, आणि नवरा लामिन तर आईपुढे हूं की चूं करत नसे.

मला राग येई, पण मरियामावर रागावणं मला जमत नाही. माझी आई नागपुरात वारली तेव्हा व्हिसाच्या भानगडीत मला जाता आलं नव्हतं. तेव्हा आमची ओळख फक्त हाय-हॅलोची. तरी ही बाई सरळ घरात शिरली, भात टाकला, आणि सोफ्यावर माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. ते उपकार मी जन्मात विसरणार नाही.

कळा सुरू झाल्या तेव्हा लामिन ट्रक घेऊन ओहायोत होता. मरियामाला आणि सासूबाईंना गाडीत घालून मीच हॉस्पिटलला नेलं. दुपार टळली तरी बाळ अडलेलंच. डॉक्टरीणबाई काहीतरी समजावत होत्या, आणि सासूबाई सारख्या विचारत होत्या, काय म्हणतेय ती? त्यांची मांडिंका भाषा तिथे कोणालाच येईना. फोनवरची दुभाषी जोडली जात होती, तेवढ्यात पुढची कळ ओसरली आणि मरियामाने स्वतःच सांगायला सुरुवात केली. धापा टाकत, आधी त्यांच्या भाषेत, मग माझ्याकडे बघून इंग्रजीत.

"डॉक्टर म्हणतायत, जुन्या सुंतेचा व्रण ताणत नाहीये. तिथे कापावं लागेल."

त्यावर सासूबाईंनी विचारलं (हे मला मरियामाने नंतर सांगितलं), "बिंताच्या वेळीही असंच झालं होतं?"

"असंच."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तुमच्या सासूला सांगितलं होतं?"

सासूबाईंनी सुनेचा हात धरला, तो मूल रडेपर्यंत सोडला नाही.

मुलगी झाली. आठवडाभराने बारसं. मी झबलं-टोपडं शिवून नेलं. आमच्यात आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते, इथे ते काम एका म्हाताऱ्या काकांनी केलं. मग त्यांनी नाव मोठ्याने सांगितलं: उपासना. मी तिथेच रडायला लागले.

सासूबाईंनी मला जवळ बसवलं. त्यांचं बोलणं मरियामा इंग्रजीत सांगत गेली. "आमच्या घरात मुलीला जिचं नाव ठेवतात, तिचा मुलीवर हक्क. तिला विचारल्याशिवाय मुलीचं काही ठरत नाही. म्हणून तुला विचारते. हिला ब्लेड लावायचं?"

"नाही!" मी इतक्या जोरात म्हटलं की बाळ दचकून रडलं.

सासूबाईंनी मान हलवली आणि बिंताला ओढून मांडीवर घेतलं. "हिचं नाव माझं आहे. मग मला कोणीच का विचारत नाही?"

लामिन जमिनीकडे बघत होता. मरियामाने तोच प्रश्न बिंतासाठी त्यांना विचारला. सासूबाई एकच शब्द बोलल्या, आणि मरियामा इंग्रजी विसरून त्यांच्या गळ्यात पडली. मला अर्थ विचारावा लागला नाही.

"कॅन आय हॅव केक नाऊ?" बिंताने विचारलं.

सासूबाईंनी लगेच फोन मागितला. गावी त्यांच्या बहिणीने सुंतेची तयारी चालवली होती. तिला त्यांनी असं झापलं, की माझा आवाज मला एकदम मवाळ वाटला. गावातली पहिली नाही म्हणणारी बाई माझ्यासमोर बसली होती.

मला राहवेना. मी त्यांच्या पाया पडायला वाकले. माझं काहीतरी खाली पडलं असं वाटून त्याही शोधायला वाकल्या, आणि आमची डोकी धाडकन आपटली.

"काय हरवलं, विचारतायत," मरियामा डोळे पुसत म्हणाली.

"काही नाही," मी कपाळ चोळत म्हटलं. "थँक यू म्हणतेय, सांग त्यांना."